मार्चमधलं पाणी, कपातली कॉफी

२०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका कॉफी पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली. भाव असा चढला की रोपवाटिकांच्या जाहिराती मागोमाग येतातच: ‘कॉफी लावा, पाण्याची चिंता सोडा, तिसऱ्या वर्षापासून घरबसल्या उत्पन्न.’ आजरा-चंदगडपासून पन्हाळ्यापर्यंत ज्यांची चार-दोन एकर उताराची जमीन पडून आहे, त्यांना हा मजकूर मोहात पाडणार यात नवल नाही. त्यातलं एक खरं आहे: रोप जगतं. पण रोप जगणं, त्याला पीक येणं आणि त्या पिकाचा उद्योग उभा राहणं या तीन निराळ्या गोष्टी आहेत. कॉफीला पाणी किती लागतं हे विचारून भागत नाही. ते केव्हा लागतं आणि केव्हा एक थेंबही नको असतं, हे आधी विचारावं लागतं.

जागेचं आधी उरकून घेऊ. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाला साधारण १००० ते १५०० मीटर उंची आणि १५ ते २५ अंश तापमान मानवतं. रोबस्टाला ५०० ते १००० मीटर आणि थोडी जास्त ऊब चालते. महाराष्ट्रात कॉफीचं नाव निघालं की चिखलदरा आठवतं, ते या उंचीमुळेच. कोल्हापूर शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास, पन्हाळा नऊशेच्या वर. म्हणजे जिल्ह्याच्या बहुतेक भागात गोष्ट रोबस्टाची; अरेबिकाचा प्रयोग फक्त उंच, सावलीच्या जागी. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या रानात कॉफीचा नाद करू नये, मुळं कुजतात. गगनबावड्याच्या पावसात उलटा त्रास: महिनोन्‌महिने ओली राहिलेली पानं आणि फळं काळी पडून बुरशीच्या धाग्यांना लटकतात. कर्नाटकात या रोगाला ‘कोळेरोग’ म्हणतात. मधला पट्टा, म्हणजे निचऱ्याची तांबडी माती, ६ ते ६.५ सामू (पीएच) आणि डोक्यावर झाडांची विरळ सावली, एवढाच विचार करण्यासारखा आहे.

आता मुख्य गोष्ट, फुलोरा.

पावसाळा सरता सरता दिवस लहान होतात आणि कॉफीच्या फांदीवर, पानांच्या बेचक्यात, कळ्यांचे झुबके धरू लागतात. त्या वाढून ४ ते ६ मिलिमीटर लांब होतात आणि तिथेच थांबतात. हिरव्या, बारीक, चिकट द्रवाने माखलेल्या या कळ्या पुढचे दोन-तीन महिने जशाच्या तशा बसून राहतात. जानेवारी ते मार्च जमीन सुकत जाते, पानं दुपारी मलूल होतात आणि झाडाच्या आतला पाण्याचा ताण वाढत जातो. डाळिंब-संत्र्याचा बहार धरण्यासाठी बागायतदार पाणी तोडतात, तोच हा ‘ताण’. फळबागेत तो माणूस देतो. अरेबिकाच्या मूळ प्रदेशात, इथिओपियाच्या जंगलात, तो कोरडा हंगाम देतो.

सुकत असताना कळी नुसती वाट बघत बसलेली नसते. ताणाच्या काळात तिच्यात वाढ रोखणारं अ‍ॅब्सिसिक आम्ल मुबलक असतं. पण त्याच काळात कळी पाण्याला प्रतिसाद द्यायला तयार होत जाते. ताण न बसलेल्या कळीवर कितीही पाणी ओता, ती हलत नाही. पुरेसा ताण बसलेल्या कळीला मात्र एकच दणदणीत सर पुरते. पाणी मिळताच काही तासांत झाडातला ताण उतरतो, अ‍ॅब्सिसिक आम्ल घटतं, वाढीला चालना देणारी जिबरेलिनं वाढतात आणि देठातून कळीत पाणी नेणाऱ्या वाहिन्या झपाट्याने तयार होऊ लागतात. पेशी फुगतात. आठ-दहा दिवसांत कळी तिप्पट-चौपट होते आणि एका सकाळी अख्खी बाग पांढरी होऊन मोगऱ्यासारखी दरवळते. दोन-तीन दिवसांत फुलं तपकिरी पडून संपतात. एवढ्यात वर्षभराच्या पिकाचा निकाल लागलेला असतो.

या पहिल्या सरीला मळेवाले ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात. ती २५ ते ४० मिलिमीटरची हवी. पाच-सहा मिलिमीटरचा शिडकावा झाला तर काय होतं हे पाहण्यासारखं आहे. ताण अर्धवट उतरतो, कळी अर्धवट फुगते आणि मग पाणी संपतं. अशी कळी हिरवट-गुलाबी राहून वेळेआधीच चांदणीसारखी ताठ उघडते. आत परागकण धड नसतात, फळ धरत नाही. म्हणजे थोडा पाऊस हा शून्य पावसाहून वाईट, कारण न जागलेली कळी पुढच्या सरीची वाट बघू शकते. अर्धी जागलेली वाया जाते. फुलल्यानंतर पंधरा-वीस दिवसांत दुसरी सर, ‘बॅकिंग शॉवर’, आली नाही तर धरलेली टाचणीच्या डोक्याएवढी फळं गळतात.

कुर्ग-चिकमगळूरकडे या सरी मार्च-एप्रिलमध्ये येतात. कोल्हापूरचा वळीव मात्र बऱ्याचदा एप्रिल उलटून मेमध्ये, आणि तोही लहरी: एका शिवारात गारांसकट, शेजारच्या गावात धूळच. रोबस्टाचं फळ पिकायला १० ते ११ महिने लागतात. मेमध्ये फुललेली बाग पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये तोडणीला येणार, म्हणजे नवा फुलोरा धरायच्या वेळी झाड जुन्या फळांच्या ओझ्याखाली. एक वर्ष बरं, दुसरं वर्ष रिकामं, अशी रड त्यातूनच सुरू होते. वळवासाठी बेडकाचं लग्न लावल्याने ती थांबत नाही. तुषार संच लागतो, आणि फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात हमखास पाणी लागतं. हिशेब सोपा आहे: एकरावर ३८ मिलिमीटर म्हणजे दीड इंच पाणी द्यायचं तर सुमारे १ लाख ५४ हजार लिटर. तासाला १० हजार लिटर ओढणारा पंप पंधरा तास चालला पाहिजे, आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा २५ मिलिमीटर, म्हणजे आणखी लाखभर लिटर. वर्षभराच्या हिशेबाने हे उसापेक्षा कितीतरी कमी. पण विहीर तळाला आणि वीज रात्रीची, अशा नेमक्या महिन्यात ते लागतं. ‘पाण्याची चिंता सोडा’ लिहिणाऱ्याने ही ओळ गाळलेली असते.

ठिबकने रोज थोडं थोडं दिलं तर नाही का चालणार? झाड टवटवीत दिसेल, पण ताणच बसणार नाही. मग फुलं डिसेंबरपासून मेपर्यंत मूठमूठ येत राहतील, आणि फळंही तशीच मागेपुढे पिकतील. एकाच फांदीवर लाल, पिवळं, हिरवं आणि वाळलेलं फळ. तोडणारी बाई त्याच झाडाशी पाचदा येणार नाही; ती फांदी ओरबाडणार. हिरव्या फळाचं बी तुरट लागतं, अतिपक्वाला आंबूस वास येतो, आणि एकदा मिसळलं की निवडणं जवळजवळ अशक्य. मार्चमध्ये एका झटक्यात दिलेलं पाणी कपात उतरतं ते असं.

रोबस्टाची आणखी एक खोड. अरेबिकाचं फूल स्वतःच्याच परागावर बहुतेक भागवून घेतं. रोबस्टाला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, वाऱ्याने नाहीतर मधमाश्यांनी आणलेला. फुलं उमलली त्याच सकाळी पाऊस झाला किंवा कोणी कीटकनाशक मारलं, तर झाड फुलून पांढरं आणि पीक अर्धं. मधपेट्या ठेवा. एकाच झाडाची कलमं लावून बाग भरू नका.

तोडणीनंतर घड्याळ सुरू होतं. पिकलं फळ पोत्यात राहिलं की आतल्या आत तापतं आणि आंबतं, म्हणून त्याच दिवशी साल काढणाऱ्या यंत्रातून, म्हणजे पल्परमधून, काढायचं. आधी पाण्यात टाकून तरंगणारी पोकळ, किडकी फळं बाजूला करायची. साल निघाल्यावर बियांवर एक बुळबुळीत थर उरतो. तो पेक्टिनचा, नुसत्या धुण्याने जात नाही. टाकीत ठेवल्यावर यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू तो सैल करतात: अरेबिकाला २४ ते ३६ तास, रोबस्टाला जास्त. मूठभर बिया दाबून पाहायच्या. खडीसारख्या खरखरीत वाजल्या की धुवायच्या. आणखी थांबलं की व्हिनेगरचा वास येतो, आणि एखाद-दुसरं सडलं बी अख्ख्या घाण्याला नासवतं. ही घाई कोल्हापूरला शिकवायला नको. दूध नासायच्या आत गोळा करून, तपासून, थंड करण्याची यंत्रणा या जिल्ह्यात गावोगाव आहे. कॉफीला दर चार-पाच गावांमागे तसंच एक पल्पिंग केंद्र लागेल. दुधाला फॅट तसं इथे पिकलेपण मोजायचं: ढिगातून १०० फळं उचला, हिरवी किती ते मोजा, त्यावर दर ठरवा. वजनावरच दर दिला तर लोक हिरवंच आणतील, आणि त्यांचं चूक नाही.

धुण्याचं पाणी मात्र ओढ्यात सोडायचं नाही. साखर, पेक्टिन आणि आम्ल असलेलं ते पाणी कुजताना नदीतला प्राणवायू खातं. पंचगंगेच्या अंगावर आधीच पुरेसं ओझं आहे. चुनखडीने आम्लता उतरवणे आणि खड्ड्यांमधून गाळ बसवणे, हा खर्च पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे.

वाळवणीत पुन्हा पाणीच, पण आता ते काढायचं. धुतलेल्या बियांत, त्यांच्यावरच्या चिवट टरफलासकट, ५५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते ११ टक्क्यांवर आणायचं. १०० किलो ओल्या मालात घन भाग ४५ किलो. ११ टक्के ओलाव्याला त्याचं वजन सुमारे साडेपन्नास किलो होतं. मोजणी यंत्र नसेल तर एका ट्रेमध्ये नेमका १ किलो माल वेगळा ठेवून रोज तोलावा. ५०५ ग्रॅमला आला की झालं. बारा-तेरा टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशी येते, आणि काही बुरश्या ऑक्रॅटॉक्सिन हे मूत्रपिंडाला घातक विष तयार करतात, जे भाजूनही पूर्ण जात नाही. ९ च्या खाली गेला तर टरफल काढताना बी फुटतं. शेणाने सारवलेल्या खळ्यावर वाळवू नये. कॉफीचं बी वास शोषून घेतं. जाळीचे उंच मांडव चांगले, नाहीतर स्वच्छ सिमेंटचं खळं. दर तासाला हलवायचं, आणि डिसेंबरातलं दव पडायच्या आत ताडपत्री. खताच्या पोत्यांशेजारी साठवण तर अजिबात नको.

देशपातळीवर हा उद्योग कसा उभा राहिला हे पाहिलं की साखळीतला हरेक दुवा का लागतो ते कळतं. १८६९ मध्ये सिलोनमध्ये तांबेरा हा पानांचा बुरशीरोग आला आणि काही दशकांत तिथली कॉफी संपून चहा लागला. भारतात, कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरला १९२५ मध्ये संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे तांबेऱ्याला तोंड देणारे वाण तयार झाले, त्यातलं एस. ७९५ आजही लावलं जातं आणि २००७ मध्ये चंद्रगिरी आलं. कॉफी बोर्ड १९४२ च्या कायद्याने आलं. पुढे कैक वर्षं शेतकऱ्याने सगळा माल बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यायचा, असा नियम होता. त्याने भावाचा आधार मिळाला. पण नीट वाळवलेला आणि खळ्यात भिजलेला माल एकाच ढिगात जाऊ लागल्यावर नीट वाळवण्याची हौस कोणाला उरणार? १९९६ पर्यंत ही सक्ती गेली. आज देशातली सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते आणि निम्म्याहून खूपच जास्त परदेशी जाते. कर्नाटकात टरफल काढणारे, चाळणारे, रंगाने निवडणारे क्युअरिंग वर्क्स आहेत, चव तपासणारे लोक आहेत. कोल्हापूरने सुरुवातीला माल तिकडेच पाठवावा. स्वतःचा कारखाना लगेच काढू नये. पल्पर आणि भाजणीचे ड्रम मात्र शिरोलीच्या फाउंड्री-वर्कशॉपवाल्यांना जड जाऊ नयेत.

भाजणीत उरलेलं पाणीही जातं. १५० अंशांच्या पुढे बी पिवळं-तपकिरी होतं, साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडून शेकडो सुगंधी संयुगं बनतात, आणि २०० च्या थोडं अलीकडे आत कोंडलेली वाफ आणि वायू पेशी फोडून बाहेर पडतात. हा लाह्यांसारखा तडतडाट म्हणजे ‘फर्स्ट क्रॅक’. त्यानंतर मिनिट-दोन मिनिटांचा फरक चव बदलतो. वजन १५ ते २० टक्के घटतं आणि आकार फुगतो. भाजल्यावर बी कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहतं, म्हणून पाकिटाला एकतर्फी झडप असते.

जाता जाता: ‘वजन घटवणारी’ हिरवी कॉफी आणि उदमांजराच्या विष्ठेतली महागडी कॉफी, दोन्हींवर पैसे घालवू नका. पहिलीचे दावे फुगवलेले आहेत. दुसरीपायी बिचारं मांजर पिंजऱ्यात बसतं.

कपाचं गणित असं. अरेबिकाची साधारण ६ किलो पिकली फळं, त्यातून १ किलो कच्चं बी, भाजून ८२०-८३० ग्रॅम, आणि कपाला १० ग्रॅम पूड धरली तर ऐंशीच्या वर कप. ९० ते ९६ अंशांचं पाणी पुडीतला पाचवा भाग विरघळवून घेतं. त्याहून कमी निघाला तर कॉफी आंबट आणि पातळ, जास्त निघाला तर कडू. तयार पुडीत चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते, पण ते प्रमाण पाकिटावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. राजारामपुरीत कोणी भाजणीचं दुकान काढणार असेल, तर त्या छापील ओळीशेजारी आणखी तीन गोष्टी घालाव्यात: गाव, वाण आणि भाजल्याची तारीख.