इंग्रजी स्वल्पविरामाच्या नियमांमागचा इतिहास

वाचताना जिथे क्षणभर थांबावेसे वाटते तिथे स्वल्पविराम द्यावा, असे इंग्रजी शिकवताना आपल्याकडे अजूनही सांगितले जाते. हा नियम दोन हजार वर्षांहून जुन्या परंपरेतून आलेला आहे आणि त्याच्या काळी तो योग्यच होता; पण आजचे इंग्रजी लेखन त्यावर चालत नाही. आजचा स्वल्पविराम वाक्याची रचना दाखवतो आणि श्वासाशी त्याचा संबंध जुळलाच तर तो ओघाने जुळतो. एकाच चिन्हात हे दोन थर एकावर एक कसे साचले, हे लक्षात घेतले तर एरवी मनमानी वाटणारे बरेच नियम समजू लागतात.

प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि विरामचिन्हेही नसत. मोडी लिपीतली जुनी कागदपत्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अशा सलग ओळींची अडचण वेगळी सांगायला नको. असा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्याला आधार मिळावा म्हणून अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख, बायझँटियमचा अ‍ॅरिस्टोफानिस, याने इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास ओळीच्या तळाशी, मध्यावर किंवा वर ठिपका देऊन लहानमोठे विराम दाखवण्याची पद्धत घातली. ‘कोम्मा’ हा शब्द तेव्हा चिन्हाचा नव्हता. कापून काढलेला तुकडा, म्हणजे वाक्याचा सर्वांत लहान खंड, असा त्याचा अर्थ होता. तो पुढे त्या खंडाच्या शेवटी येणाऱ्या चिन्हाला चिकटला.

मध्ययुगात युरोपातील लेखनिक थोड्या विरामासाठी तिरकी रेघ ओढत. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा त्याच्या इंग्रजी पुस्तकांतही हीच रेघ होती. आज दिसणारे वळणदार चिन्ह व्हेनिसच्या आल्डस मॅन्यूशियसच्या छापखान्यात १४९० च्या दशकात स्थिरावले आणि सोळाव्या शतकात इंग्रजी छपाईत त्याने तिरक्या रेघेची जागा घेतली. या आल्डसच्या नातवाने १५६६ मध्ये विरामचिन्हांविषयी लिहिताना त्यांचे मुख्य काम वाक्यरचना स्पष्ट करणे हे आहे, अशी भूमिका मांडली. माझ्या मते या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे. पुस्तक एकट्याने, मनातल्या मनात वाचले जाऊ लागले की वाचकाला श्वासापेक्षा रचनेची खूण अधिक उपयोगी पडते.

इंग्लंडमध्ये मात्र श्वासाचा थर लवकर पुसला गेला नाही. रॉबर्ट लाउथने १७६२ च्या आपल्या व्याकरणात चार चिन्हांचे प्रमाण संगीतातील स्वरांच्या कालमानासारखे सांगितले: अर्धविराम स्वल्पविरामाच्या दुप्पट, अपूर्णविराम अर्धविरामाच्या दुप्पट आणि पूर्णविराम त्याच्याही दुप्पट. १७९५ मध्ये आलेल्या आणि त्यानंतर कित्येक दशके शाळांतून चाललेल्या लिंडली मरेच्या व्याकरणात स्वल्पविरामाचे अनेक नियम आहेत. कर्ता लांबलचक असेल तर क्रियापदाच्या आधी स्वल्पविराम देता येतो, हा त्यांतलाच एक. वाचणाऱ्याला तिथे दम घ्यावासा वाटतो हे खरे. परंतु आज कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम घालणे ही ढोबळ चूक मानली जाते.

याच जुन्या सवयीमुळे अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ ची दुसरी दुरुस्ती आज वाचकाला अडखळवते. शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयीच्या त्या एका वाक्याच्या प्रचलित पाठात तीन स्वल्पविराम आहेत आणि शेवटचा नेमका लांब कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये पडला आहे. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने यातील दुसऱ्या स्वल्पविरामाचा आधार घेऊन वाक्याचे प्रास्ताविक आणि मुख्य असे दोन भाग पाडले. लिहिणाऱ्यांच्या काळी जे चिन्ह बहुधा वाचनाच्या लयीसाठी होते, त्यातून दोनशे वर्षांनंतर कायद्याचा अर्थ काढावा लागला.

विसाव्या शतकात स्वल्पविराम विरळ झाले. फाउलर बंधूंनी १९०६ च्या ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये गरजेपेक्षा अधिक विरामचिन्हे देण्याच्या सवयीवर स्वतंत्रपणे लिहिले. जे स्वल्पविराम उरले त्यांना अर्थ बदलण्याचे सामर्थ्य आले. ‘माय ब्रदर हू लिव्हज इन नागपूर इज अ टीचर’ या वाक्यात स्वल्पविराम नसेल, तर अनेक भावांपैकी नागपूरचा भाऊ शिक्षक आहे असे समजावे. ‘ब्रदर’ नंतर आणि ‘नागपूर’ नंतर स्वल्पविराम दिला, तर भाऊ एकच आणि तो नागपूरला राहतो ही केवळ जादा माहिती ठरते. मराठीत हा भेद चिन्हावर सोपवावा लागत नाही, कारण ‘जो भाऊ नागपूरला राहतो तो’ ही रचनाच तो दाखवते. म्हणून इंग्रजीतला हा नियम आपल्याला मुद्दाम शिकावा लागतो.

यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’पूर्वीच्या स्वल्पविरामाबद्दल इंग्रजीत अजून एकमत नाही. ऑक्सफर्डच्या विद्यापीठीय छापखान्याने तो जपला, म्हणून त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. ब्रिटनमधील बहुतेक वृत्तपत्रे तो गाळतात. अमेरिकेतील मेन राज्याच्या जादा कामाच्या मोबदल्याविषयीच्या कायद्यात तो नव्हता, त्यामुळे नाशवंत मालाचे ‘वितरण’ हे सवलतीच्या, म्हणजे ज्यांना जादा मोबदला लागू नाही अशा कामांच्या यादीतले स्वतंत्र काम आहे की ‘वितरणासाठी बांधणी’ असे एकच काम आहे, हा वाद उभा राहिला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ही संदिग्धता दूध वाहून नेणाऱ्या चालकांच्या बाजूने धरली आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

मराठीत ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात आली. मोल्सवर्थच्या कोशकार्यातील सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी ती रूढ करण्यात पुढाकार घेतला. मराठीने ही पद्धत उचलली तेव्हा खुद्द इंग्रजीत स्वल्पविराम अजून दाट होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘तो म्हणाला, की’ असे आपण लिहितो. ‘दॅट’पूर्वी असाच स्वल्पविराम अठराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत सर्रास दिसतो. पुढे इंग्रजीने तो सोडला आणि अनेक मराठी लेखकांनी ठेवला. आज एखादा मराठी विद्यार्थी ‘ही सेड, दॅट’ असे लिहितो तेव्हा शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढतात, आणि ती ओढायलाच हवी. पण तोच स्वल्पविराम लिंडली मरेच्या काळातल्या छापील पानावर कोणालाही खटकला नसता.