ओपनिंग आणि थीम साँग, दोन्ही एकच नाहीत

सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून मालिकेच्या ओपनिंगचा विषय काढा, निम्मे लोक डॅनी एल्फमन या संगीतकाराची धून गुणगुणायला लागतात आणि उरलेले शेवटी सगळं कुटुंब सोफ्यावर बसायला येतं तेव्हाच्या दरवेळच्या नव्या गमतीजमती सांगत बसतात, आणि दोघांनाही वाटतं की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय. थीम साँग म्हणजे जे कानाला ऐकू येतं तेवढंच, शब्द असलेलं गाणं असो नाहीतर नुसती धून. ओपनिंग सिक्वेन्स म्हणजे सुरुवातीचा तो अख्खा तुकडा, त्यातली चित्रं, कटिंग, कलाकारांची नावं, शोचा लोगो आणि असलंच तर खाली वाजणारं थीम साँग. असलंच तर, कारण ते असायलाच पाहिजे असं काही नाही.

अवतार: द लास्ट एअरबेंडर (2005) बघा. ओपनिंग जबरदस्त आहे, चार तत्त्वांचे बेंडर, म्हणजे पाणी, माती, आग, हवा वळवणारे, एकेक करून समोर येतात, पण गाणं कुठंय? त्यातली कटारा बोलते, जगाची गोष्ट सांगते, मागे संगीत वाजतं, झालं. आणि 1992 च्या बॅटमॅन ॲनिमेटेड सिरीजमध्ये तर अजून गंमत, अख्ख्या ओपनिंगमध्ये शोचं नावच कुठे लिहिलेलं नाही! गरजच पडली नाही, छपरावरची ती काळी आकृती आणि वीज चमकली की कळतंच काय ते.

दोन्ही वेगळी आहेत हे सगळ्यात चांगलं कळतं ते शो एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा. जंगल बुक हे 1989 चं जपानी ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका. 1993 मध्ये ते दूरदर्शनवर हिंदीत आलं तेव्हा गुलजारांनी शब्द लिहिले, विशाल भारद्वाजने चाल दिली, आणि ज्यांनी ते तेव्हा पाहिलं त्यांच्यासाठी मोगली म्हणजे तेच गाणं, जपानी गाणं लावून दिलं तर ओळखणार पण नाहीत. पोकेमॉनचं पण तसंच, जपानमध्ये 1997 ला रिका मात्सुमोतोने गायलं (हिरोचा आवाज पण तिचाच), अमेरिकेत 1998 ला वेगळं इंग्रजी गाणं आलं ते जेसन पेजचं. शो तोच, पण गाण्याच्या आठवणी दोन.

उलटं पण होतं बरं का. सिम्पसन्सचं ओपनिंग 2009 मध्ये एचडीसाठी नव्याने काढलं, शाळेच्या फळ्यावर बार्ट लिहितो ते वाक्य आणि सोफ्याची गंमत तर आधीपासूनच बदलती, पण धून तीच. बोजॅक हॉर्समन या कार्टून मालिकेत संगीत तसंच ठेवून मागची दृश्यं गोष्टीप्रमाणे बदलत जातात आणि हे पहिल्यांदा बघताना बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. फ्लिंटस्टोन्सचं जे गाणं सगळ्यांना पाठ आहे ते तर पहिल्या दोन सीझनना नव्हतंच, तिथे दुसरी धून होती.

आता ॲनिमेवाले. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो असं माझं मत, कारण तिथे "ओपी" (ओपनिंगचंच छोटं रूप) म्हटलं की गाणं आणि चित्रं दोन्ही येतं. साधारण दीड मिनिटाचा स्लॉट असतो. गाणं बहुतेक वेळा एखाद्या बँडचं किंवा गायकाचं, पूर्ण गाणं सिंगल म्हणून वेगळं विकलं जातं आणि टीव्हीसाठी त्याचा दीड मिनिटाचा कट काढतात. चित्रांचा स्टोरीबोर्ड, म्हणजे कुठलं दृश्य कधी येणार याचा चित्रांत काढलेला आराखडा, मात्र स्टुडिओचा आणि तो करणारा डायरेक्टर कित्येकदा सिरीजच्या डायरेक्टरपेक्षा वेगळाच असतो, तो त्या बीटवर कट बसवत जातो. लांबलेल्या सिरीजमध्ये बारा-तेरा एपिसोड झाले की बऱ्याचदा दोन्ही बदलतात. म्हणजे कुणी म्हणालं "तिसरी ओपी बेकार आहे" तर आधी विचारायचं, गाणं बेकार की ॲनिमेशन? कारण गाणं भंगार असून ॲनिमेशन डोळे फाडून बघण्यासारखं, असले नमुने भरपूर आहेत. काऊबॉय बीबॉप (1998) सारखं क्वचितच जमतं, संगीतकार योको कान्नोचं ते जॅझ आणि त्या सपाट रंगातल्या सावल्या, एकाशिवाय दुसऱ्याला मजा नाही.

हक्कांचं प्रकरण पण वेगळंच. गाण्याचे हक्क शोच्या हक्कांबरोबर आपोआप येतील असं नाही. इव्हॅन्जेलियन हे ॲनिमे 2019 ला नेटफ्लिक्सवर आलं तेव्हा जपानबाहेर एपिसोडच्या शेवटचं फ्लाय मी टू द मून हे गाणं काढून टाकलं होतं आणि लोक जाम भडकले होते. ते एंडिंग होतं, मान्य, पण ओपनिंगचं गाणंही तसंच उडू शकतं आणि चित्रं मात्र जागच्या जागी राहतात.

आणि ते ओपनिंग गाळून पुढे नेणारं स्किप इंट्रोचं बटण, नेटफ्लिक्सने 2017 मध्ये आणलं. त्याने थीम साँगचं फारसं काही बिघडत नाही, गाणं वेगळं ऐकता येतं, योआसोबी या जपानी जोडीचं आयडॉल (ओशी नो को या ॲनिमेचं ओपनिंग गाणं, 2023) ॲनिमे न बघणाऱ्यांनीही ऐकलंय. मार बसतो तो ओपनिंगला, कारण ते बघायला शो लावावाच लागतो आणि शो लावला की बटण समोर. ग्रॅव्हिटी फॉल्स या कार्टूनवाल्यांनी तर ओपनिंगच्या शेवटी एक उलटी कुजबुज लपवलीय, ती सरळ करून ऐकली की एपिसोडच्या शेवटी येणारा सांकेतिक मजकूर कसा सोडवायचा ते कळतं, आणि ती सूचना मध्येच बदलते पण. आता ही कुजबुज ऐकू येते म्हणून थीम साँगमध्ये धरायची का? मी तरी ओपनिंगमध्येच धरतो, कारण धून तिच्याशिवायही पूर्ण आहे, कोडं मात्र तिच्याशिवाय सुटत नाही, निदान सरळ मार्गाने तरी नाही.