कपॅसिटर सारखे का उडतात? मोजणीला बोलावण्याआधी एवढं वाचा

नाशिकजवळच्या सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांतून येणाऱ्या बहुतेक फोनवर तक्रार एकच असते: कपॅसिटर फुगतात, फ्यूज जातात आणि ज्यासाठी ते बसवले तो पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती कामी येते ते प्रमाण) काही सुधारत नाही. दर वेळी माल खराब असतो असं नाही. पूर्वी शॉपमध्ये साध्या मोटारी होत्या, आता सीएनसी (संगणकावर चालणारी मशिन्स) आणि व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह) आहेत. सिक्स-पल्स ड्राइव्ह मुख्यतः पाचवा आणि सातवा हार्मोनिक, म्हणजे 50 हर्ट्झच्या पाचपट आणि सातपट, 250 आणि 350 हर्ट्झचा करंट, लाइनमध्ये सोडतो. फ्रीक्वेन्सी जितकी जास्त तितकी कपॅसिटरची वाट मोकळी, म्हणून तो तिकडेच वळतो.

500 केव्हीएचा, 5 टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर आणि 200 केव्हीएआर कपॅसिटर घ्या. रेझोनन्स, म्हणजे दोघांमध्ये करंट कित्येक पटीने वाढण्याची स्थिती, येतो साधारण 350 हर्ट्झवर, नेमका सातव्यावर! आणखी कपॅसिटर टाकले की तो पाचव्याकडे सरकतो. म्हणून कोणी ‘कपॅसिटरची एक बँक वाढवून द्या’ म्हटलं की आम्ही आधी हार्मोनिक्सची मोजणी करू द्या म्हणतो.

आणि इथेच सगळ्यांचा वेळ जातो. प्रॉडक्शन थांबायला नको म्हणून आम्हाला सुट्टीच्या दिवशी बोलावलं जातं. ड्राइव्हच बंद असतील तर हार्मोनिक्स दिसणार कुठून? रीडिंग छान येतं, त्यावर ठरवलेलं कपॅसिटर पॅनेल चालू लोडवर टिकत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. ॲनालायझर (मोजणीचं यंत्र) जोडायला थोडाच वेळ शटडाऊन लागतो, तो जेवणाच्या सुट्टीत उरकतो. मग तिन्ही शिफ्ट मशिन्स नेहमीसारखी चालू द्या. रात्रीची नोंदही हवीच. एप्रिल 2020 पासून महावितरणच्या एचटी (उच्चदाब) ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर (कामी न येणारी रिॲक्टिव्ह वीज धरून) येतं, त्यामुळे लोड नसताना लाइनवर राहिलेले कपॅसिटर पॉवर फॅक्टर लीडिंगमध्ये (गरजेपेक्षा जास्त भरपाईकडे) नेऊन बिल वाढवतात.

मोजणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो. रिपोर्ट तुमचा, पॅनेल हवं त्याच्याकडून करून घ्या. ऑर्डर आम्हाला दिलीत तर ती रक्कम बिलातून वजा होते.

पॅनेलमध्ये 7 टक्के रिॲक्टर (हार्मोनिक अडवायला कपॅसिटरला जोडलेली कॉइल) असेल तर बाजारातून 440 व्होल्टचा कपॅसिटर आणून बदलू नका. रिॲक्टरमुळे 440 च्या लाइनवर कपॅसिटरला सुमारे 473 व्होल्ट मिळतात, तिथे 480 किंवा 525 चाच हवा. दोन्ही आमच्याकडे तयार असतात.

आम्ही येण्याआधी सिंगल लाइन डायग्राम (कारखान्यातल्या वीजजोडणीचा आराखडा), ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचा फोटो आणि गेल्या वर्षभराची बिलं पाठवा.