विद्यापीठातलं मूलभूत संशोधन आणि त्याचा उपयोग
मूलभूत संशोधन म्हणजे उद्या याचं काय करायचं हे डोक्यात न ठेवता नुसतं "हे असं का होतं" म्हणून केलेलं संशोधन. ते जास्त करून विद्यापीठांतच चालतं, कारण कंपनीला पुढच्या तिमाहीचा हिशोब द्यायचा असतो. उपयोग होतो, पण कधी आणि कुठून होईल ते करणाऱ्यालाही माहीत नसतं.

कोविडमध्ये सगळ्यांच्या नाकात काडी गेली ती पीसीआर टेस्टच घ्या. १९६० च्या दशकात इंडियाना विद्यापीठाचा थॉमस ब्रॉक अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम झऱ्यांत काय जगतं ते बघत होता आणि त्याला ७० अंशात मजेत राहणारा बॅक्टेरिया सापडला, थर्मस ॲक्वाटिकस. १९७६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात त्यातून डीएनएची कॉपी काढणारं एन्झाइम वेगळं केलं. पुढे १९८३ मध्ये कॅरी मुलिस या रसायनशास्त्रज्ञाला पीसीआर सुचलं, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या ढिगाने कॉप्या काढायची पद्धत, तो मात्र कंपनीत होता. यात डीएनएचे दोन धागे सुटे करायला दर फेरीला साधारण ९५ अंशापर्यंत तापवावं लागतं, साधं एन्झाइम तिथेच संपतं मग दर वेळी नवीन टाकत बसा, पण झऱ्यातलं हे एन्झाइम टिकतं आणि ३० फेऱ्यांत एका तुकड्याचे, निदान कागदावर तरी, शंभर कोटींच्या वर होतात.

गणितात तर वाट बघणं अजून लांबतं. फ्रान्सचा गणितज्ञ गाल्वा १८३२ मध्ये विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात गेला (त्याला तर कॉलेजातून काढून टाकलेलं), त्याची सांत क्षेत्रं (मोजक्याच संख्यांचे संच, ज्यांत बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार सगळं चालतं) मग शंभर-सव्वाशे वर्षं बीजगणितवाल्यांनीच सांभाळली. १९६० मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबमधल्या रीड आणि सॉलोमनने त्यावर चुका दुरुस्त करणारा कोड बांधला. क्यूआर कोडवर थोडी शाई सांडली तरी तो स्कॅन होतो तो यामुळेच, फक्त कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन शाबूत पाहिजेत. मूळ संख्यांचंही तेच, केंब्रिजचा गणितज्ञ हार्डी याला आपलं गणित निरुपयोगी असल्याचा अभिमान होता आणि १९७७ मध्ये त्याच संख्यांवर एमआयटीत आरएसए तयार झालं, म्हणजे इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणारं गणिती कुलूप.

पैसे कोणाला मिळतात हा वेगळाच विषय. ब्रॉकने बॅक्टेरिया सार्वजनिक संग्रहात देऊन टाकला होता, संशोधकांनी मागवून घ्यावा. मुलिसला कंपनीने १० हजार डॉलर बोनस दिला आणि १९९१ मध्ये पीसीआरचे हक्क विकले ३० कोटी डॉलरला.