पाइपात गंज आहे की क्षार?

नळाची धार बारीक झाली की सोसायटीत एकच फर्मान निघतं: पाइप चोक झालाय, ॲसिड मारा. जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपात नेमकं काय साचलंय हे न बघता ॲसिड आणूच नये. ते क्षार विरघळवतं हे खरं, पण गंजलेल्या पाइपाला भोक पाडतं.

क्षार ओळखणं सोपं आहे. तो पांढरट, टणक असतो आणि पाणी तापलं की जास्त सुटतो. त्यामुळे गार पाण्याचा नळ ठीक आणि गीझरचा मात्र रडका, असं असेल तर संशय क्षारावर घ्यावा. खरवडलेल्या भुग्यावर व्हिनेगर टाकलं आणि फसफसलं, की झालं. बोअर-टँकरवर चालणाऱ्या इमारतींत हे नेहमीचंच.

गंज जास्त फसवा. पाइपाच्या आत त्याच्या तांबूस-तपकिरी गाठी वाढतात. गाठीखाली ऑक्सिजन पोचत नाही आणि नेमकं तिथलंच लोखंड खड्डा पडून झिजत राहतं. म्हणजे धार कमी होत असतानाच पाइपही पातळ होत असतो. क्षारात पाइप शाबूत राहतो. सकाळचं पहिलं पाणी तांबूस आणि थोड्या वेळात स्वच्छ, ही गंजाची खूण. बोअरचं पाणी मात्र बादलीत नितळ पडून नंतर लालसर झालं, तर ते पाण्यातलंच लोह. पाइपावर आळ घेऊ नका.

बाहेरून बघायचे ते आटे. आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो, पाइपही तिथे पातळ होतो. पितळी व्हॉल्व्ह थेट जीआयला जोडला असेल तर तो सांधा आधी तपासा. सुकलेला तांबडा ओघळ दिसला म्हणजे गळती थांबली असं नाही, गंजानेच ती तूर्त बुजवली आहे. अशा लाइनवर प्रेशर पंप बसवला तर प्लंबरची पुढची फेरी ठरलेली.

गंमत म्हणजे क्षाराचा पातळ थर लोखंडाला गंजापासून थोडं वाचवतो. मुंबईचं तलावांचं पाणी मृदू, त्यामुळे तिथल्या जुन्या डाऊनटेक (गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या) पाइपांत मी आधी गंजच धरेन.

क्षार असेल तर शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये भिजवा, गीझरची कॉइल साफ करून घ्या. लाइनबद्दल शंका असेल तर फूटभर तुकडा कापून आत बघा. गाठी दिसल्या तर साफसफाईचा खर्च वाया. नवीन पाइपांचं कोटेशन मागवा.