जत्रेतली पत्र्याची आगबोट: बॉयलर कसा बदलत गेला

सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा असो की चिंचलीच्या मायाक्काची, खेळण्यांच्या पालावर परातभर पाण्यात फटफटत फिरणारी पत्र्याची आगबोट दिसली की पोरं तिथून हलत नाहीत. या बोटीला चाक नाही, पंखा नाही, दट्ट्या नाही, झडपही नाही. एक चपटी डबी, तिच्यातून मागे पाण्यात उतरलेल्या दोन नळ्या आणि खाली वात, एवढंच तिचं इंजिन.

थॉमस पियो या फ्रेंच माणसाने 1891 मध्ये ब्रिटनमध्ये अशा बोटीच्या पेटंटसाठी अर्ज केला. छोटा बॉयलर आणि दोन नळ्या ही मांडणी त्यातच होती. पुढे सुधारणा झाल्या त्या मुख्यतः बॉयलरमध्ये. 1915-16 च्या सुमारास अमेरिकेतल्या चार्ल्स मॅकह्यू यांनी बॉयलरचं झाकण पातळ, लवचीक पत्र्याचं केलं. ते आत-बाहेर लवतं, त्याचाच फटफट आवाज. 1920 मध्ये विल्यम पर्सेल यांनी डबीच काढून टाकली आणि नळीलाच वेटोळे दिले. वेटोळ्याची बोट पळते छान, पण जवळजवळ मुकी असते. जत्रेतली बोट मॅकह्यू यांच्या वळणाची, आणि मुलांना ओढतो तो आवाजच.

आत काय घडतं? डबीतल्या थोड्या पाण्याची वाफ होते आणि ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते. वाफ नळीच्या थंड भागात पोचली की तिचं पुन्हा पाणी होतं, दाब एकदम उतरतो आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं. जितकं पाणी बाहेर गेलं तितकंच आत आलं, मग बोट जागच्या जागीच का राहत नाही? कारण बाहेर जाणारं पाणी सरळ धारेने मागे जातं, तर आत येणारं नळीच्या तोंडाभोवतीच्या सगळ्या बाजूंनी गोळा होतं. त्यामुळे पुढचा धक्का शिल्लक राहतो. एका नळीवरही बोट चालते. दुसरी आहे ती पाणी भरताना हवा निघून जावी म्हणून.

न चालणाऱ्या बोटीत बहुतेक वेळा हवाच अडकलेली असते. बोट उभी धरून एका नळीत ड्रॉपरने किंवा बिनसुईच्या सिरिंजने पाणी सोडावं, दुसऱ्या नळीतून अखंड पाणी येईपर्यंत. मग दोन्ही तोंडं बोटांनी दाबून बोट पाण्यात ठेवावी आणि तोंडं बुडाल्यावरच बोटं काढावीत. तोंडाने पाणी भरू नये, पत्र्याचे सांधे जोडणाऱ्या झाळेत शिसं असू शकतं.

पाच-दहा मिनिटांनी बोट मंदावली तर परातीतलं पाणी तापलं का ते पाहावं. गरम पाण्यात वाफ लवकर विरत नाही. पाण्यात विरघळलेली हवाही तापल्यावर सुटून डबीत साठते. वात विझवून, डबी निवल्यावर पुन्हा पाणी भरलं की काम होतं. पण डबी कोरडी असताना वात पेटती राहिली तर खेळ संपला. कथील-शिशाची झाळ 190 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. आत पाणी असेपर्यंत डबी तेवढी तापत नाही. झाळ सुटली की तिथून हवा शिरते, आणि पाणी ओढलं जात नाही.

घरी करायची तर वेटोळ्याची बोट सोपी. कूलिंगवाल्याकडे मिळणारी 3 मिलिमीटर व्यासाची तांब्याची नळी सुमारे 40 सेंटीमीटर घ्यावी. फ्रिजची केशनळी नको, तिचं भोक फार बारीक असतं. नळी लाल होईपर्यंत तापवून निववावी, म्हणजे मऊ पडते. मग आत बारीक कोरडी वाळू ठासून पेन्सिलीभोवती दोन-तीन वेटोळे द्यावेत. वाळू न भरता वळवली तर नळी चेपते आणि बोट चालत नाही. वाळू झटकून, पाण्याची धार सोडून नळी धुवावी. आत वाळू अडकून राहिली तर वेटोळं नीट पाणी ओढत नाही. दोन्ही टोकं समांतर मागे काढावीत, पाण्याखाली साधारण एक सेंटीमीटर राहतील अशी, आणि मेणबत्तीची ज्योत वेटोळ्याच्या तळाला जेमतेम टेकेल इतक्या उंचीवर ठेवावी. ज्योत फार जवळ गेली तर काजळी धरते आणि उष्णता आत पोचत नाही.