न्यूयॉर्कच्या कम्युनिटी कॉलेजात गणित-इंग्लिश कच्चं निघालं तर: असॅप आणि लर्निंग कम्युनिटीचा अर्ज, अटी, कागदपत्रं

आमच्या ताईची फाइल एकदाची क्लिअर झाली आणि ती, भाऊजी आणि भाचा ग्रीन कार्डवर क्वीन्सला आले. पोरगा बारावी कॉमर्स. पुढे कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली पण गणितापुढे 'डेव्हलपमेंटल' असा शिक्का, भाऊजींचा चेहरा तर असा की पोराला केटीच लागलीय. तसं काही नसतं हो. कॉलेजच्या गणिताला जादा मदत लागेल एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी अशा मुलांना वेगळ्या वर्गात बसवायचे, त्याचं क्रेडिट डिग्रीत धरत नव्हते आणि ग्रँट मात्र खर्ची पडायची, मग बरीच मुलं तिथूनच गळायची. क्युनीने, म्हणजे सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने, ते जुने वर्ग २०२३ पर्यंत बंद केले, आता क्रेडिटच्याच वर्गाला जोडून जादा तास देतात.

आता मदत कुठली मागायची ते सांगतो, कारण ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो.

लर्निंग कम्युनिटी म्हणजे वीस-पंचवीस नवीन मुलांचा एकच गट, दोन-तीन विषयांना तीच मुलं एकत्र. ब्रुकलिनच्या टोकाला समुद्राकाठी किंग्जबरो कम्युनिटी कॉलेज आहे, त्यांचं यात नाव आहे. २००३ पासून तिथे जो प्रयोग झाला त्यात इंग्लिश, सायकॉलॉजी किंवा हेल्थसारखा एक विषय आणि एक क्रेडिटचा ओरिएंटेशनचा तास असे तीन वर्ग एकमेकांना बांधलेले होते. म्हणजे सोमवारी सायकॉलॉजीत स्मरणशक्ती शिकवली की इंग्लिशवाल्या मॅडम निबंध त्यावरच लिहायला लावणार, आणि शेजारचा पोरगा दोन्हीकडे तोच असल्यामुळे नोट्स मागायला लाज वाटत नाही. शिवाय ट्यूटर, समुपदेशक आणि पुस्तकांसाठी व्हाउचर. एमडीआरसी या संस्थेने अभ्यास केला तेव्हा ही मुलं पहिल्या सेमिस्टरला जास्त विषय पास झाली, पण पुढे तो फरक कमी होत गेला. माझं मत विचाराल तर एका सेमिस्टरचा गट म्हणजे गाडीला दिलेला धक्का, टाकीत पेट्रोल नाही.

पेट्रोल म्हणजे असॅप. हा क्युनीचाच २००७ चा कार्यक्रम, दोन वर्षांची असोशिएट डिग्री तीन वर्षांच्या आत करून घ्यायची. ठरलेला अ‍ॅडव्हायझर, ट्यूटर, फायनान्शियल एड भरूनही उरलेली ट्यूशन माफ, पुस्तकांना मदत, मेट्रोचा पास. डेव्हलपमेंटल शिक्का असलेल्याच मुलांवर एमडीआरसीने बघितलं तर असॅपमधली ४० टक्के मुलं तीन वर्षांत पदवीधर झाली, बाहेरची २२ टक्के. एवढा फरक असताना लोक चौकशी का करत नाहीत कळत नाही.

अटी अशा. असॅप असलेल्या क्युनी कॉलेजात अ‍ॅडमिशन, फुलटाइम म्हणजे सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट, मान्य यादीतला मेजर म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय (काही मेजर, विशेषतः नर्सिंगच्या वाटेवरचे, बसत नाहीत, आपल्या कॉलेजची यादी बघा), आधी कुठे शिकला असाल तर १५ पेक्षा जास्त क्रेडिट नकोत आणि जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, किमान २.०. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे रेसिडेन्सी: इन-स्टेट फी लागू व्हायला हवी, त्यासाठी क्लास सुरू व्हायच्या आधी न्यूयॉर्क राज्यात १२ महिने आणि शहरात शेवटचे ६ महिने राहिलेलं पाहिजे. आमचा भाचा ऑगस्टमध्ये उतरला आणि पुढच्याच महिन्यात कॉलेज म्हणून नाचत होता, त्याला वर्षभर थांबवलं. स्टोअरमध्ये नोकरी आणि लायब्ररीत इंग्लिशचे फुकट क्लास. थांबला म्हणून फुलटाइमला सेमिस्टरची ट्यूशन २,४०० डॉलर, नाहीतर क्रेडिटमागे ३२० डॉलर मोजावे लागले असते.

क्रम असा ठेवा. आधी क्युनीचा ऑनलाइन अर्ज, एकाच अर्जात सहा कॉलेजं टाकता येतात. लगेच फाफसा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा फॉर्म, आणि टॅप, म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या ट्यूशन ग्रँटचा अर्ज, हे दोन्ही भरल्याशिवाय असॅपवाले पुढे सरकत नाहीत. अ‍ॅडमिशन आली की सीट पक्की करा आणि त्याच आठवड्यात असॅपचा फॉर्म भरा, जागा मर्यादित असतात. फाफसाची मदत सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळते, एच-४ आणि एफ-१ व्हिसावाल्यांना नाही. मुलगा २४ च्या आतला आणि अविवाहित असेल तर आईवडिलांचं उत्पन्न लागतं, तेही दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे नवीन आलेल्यांचं भारतातलं. फॉर्म १६ किंवा आयटीआर काढून डॉलरमध्ये करून हाताने भरावं लागतं, शून्य टाकून मोकळे होऊ नका, व्हेरिफिकेशनला बोलावलं तर पंचाईत होते.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या मार्कशीट, ग्रीन कार्ड, पासपोर्ट, पत्त्यासाठी लीज, लाइट बिल, स्टेट आयडी वगैरे. दोन ठिकाणी आपली माणसं हमखास अडकतात. एक, नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये घुसलेलं. भाच्याची मार्कशीट एका ऑफिसात महिनाभर दुसऱ्याच कुणाची म्हणून पडून होती. सगळे अर्ज पासपोर्टप्रमाणे भरा आणि मार्कशीट पाठवताना दोन ओळींचं पत्र जोडा.

दुसरं, लस. सहा किंवा जास्त क्रेडिट घेणाऱ्याला गोवर, गालगुंड, रुबेला तिन्हीचा पुरावा लागतो, शिवाय मेनिंजायटिसचा फॉर्म. आपल्याकडे सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला असतं, गालगुंडाची लस नसते, त्यामुळे ताईने जपून आणलेलं पिवळं कार्ड इथे अपुरं पडलं. रक्ताची टायटर टेस्ट (अंगात प्रतिकारशक्ती आहे का ते दाखवणारी) करा नाहीतर सरळ एमएमआर, म्हणजे तिन्हींची एकत्र लस, घ्या, पण दोन डोसमध्ये किमान २८ दिवस जातात, ऑगस्टमध्ये जागे होऊ नका.

आणि आत गेल्यावर एखादा विषय जड वाटला तर पोरं परस्पर ड्रॉप करतात, तेवढं करू देऊ नका. १२ च्या खाली गेलात की फुलटाइम संपलं, टॅप आणि असॅप दोन्ही धोक्यात. आधी अ‍ॅडव्हायझरकडे जा, भाचा स्टॅटिस्टिक्स सोडायला निघाला होता, तिने त्याला मंगळवार-गुरुवारचा ट्यूटर लावून दिला आणि पोरगा बी ग्रेड घेऊन सुटला.